एका चुलीवरून एकच

॥ श्री सप्तशृंगी प्रसन्न ॥

देवळाली कॅम्प
सोमवार, २८ जून १९९९ (वटपौर्णिमा)

ती. सौ. भागूवहिनींना छायाचा नमस्कार. दादांनाही सांगावा. देवीच्या कृपेने इकडे सगळे ठीक, तुमच्याकडे देवळ्यालाही तसंच असेल असं धरून चालते.

आज उपास, त्यामुळे दुपारी हात मोकळे, म्हणून लिहायला बसले. धनराजची काळजी करू नका. इथे आल्यापासून महिन्याभरात अंगाने चांगला भरला आहे. तुम्ही पाठवलेल्या कुरडया दोन्ही मुलांना सारख्या तळून वाढते. हे मला हसतात, "मोजून वाढतेस की काय?" मोजतेच. भाच्याला एक आणि मुलाला दीड असं माझ्या घरात झालेलं नाही. माझी दोन्ही मुलं, असंच मी गल्लीत सांगते.

यंदा दोघंही कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये आहेत. आमचा समाधान गोलात उभा असतो आणि धनराज पुढे पळणाऱ्यांत. कॅम्पात हे वेड फौजेमुळे. दर पावसाळ्यात इथल्या मैदानावर कप असतो आणि दरवर्षी तो तोफखान्याची टीमच नेते. यंदा ती टीमच नाही. सगळी कारगिलला गेली. तोफा आगगाडीवर चढवून नेल्या तेव्हा आम्ही बायका पुलावर उभ्या होतो. एरवी रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमची मांडणीवरची भांडी वाजतात, तिकडे लक्षही जात नाही. हल्ली भांडी गप्प असतात, तर त्यानेच दचकायला होतं.

कप यंदा रद्दच करणार होते. पण मोतीराम सर म्हणाले, "जवान परत येईस्तोवर मैदानात गवत वाढवायचं का? पोरं खेळतील." मोतीराम सर म्हणजे मुलांचे कोच. तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झाले, एकाहत्तरची लढाई पाहिलेले. आता कॉलेजच्या मुलांना पहाटे पळवतात.

मुलं जमली कशीबशी बारा. त्यातला मंगळू नावाचा मुलगा पेठकडच्या डोंगरातला, कबड्डीतून ओढून आणला आहे. तो अनवाणी खेळतो. सरांनी बूट दिले तर म्हणाला, "सर, बुटात पाय आंधळे होतात." सरांनाही हसू आवरेना.

पहिला सामना दोन गोलांनी जिंकले, त्यातला एक धनराजचा. नंतर बाराच्या बारा चिखलाची भुतं आमच्या दारात. मी कोणाला आत घेतलं नाही, अंगणात उभं करून बादल्या ओतल्या. मग शेंगदाण्याचे लाडू दिले. धनराज विचारतो, "आत्या, तुझ्या हिशेबाच्या वहीत एका गोलाला किती लाडू लिहिले?" समाधान म्हणतो, "आणि गोल अडवणाऱ्याला काय, टरफलं?" असं चाललेलं असतं.

आंतरदेशीय पत्र संपलं. कडेला लिहिलेलं वाचता येईल ना?

तुमची छाया


॥ श्री सप्तशृंगी प्रसन्न ॥

देवळाली कॅम्प
१९ जुलै १९९९

ती. सौ. वहिनींना आणि दादांना नमस्कार.

आनंदाची बातमी आहे, म्हणून उशीर न करता लिहिते. पाच सामने झाले, चार जिंकले, एक बरोबरीत सुटला. पहिल्या ऑगस्टला फायनल. पण बातमी वेगळीच आहे. फौजेची टीम मोडली, ती परत उभी करायची म्हणून कॅम्पातले साहेब सामने बघायला येतात. त्यांनी मोतीराम सरांकडे खेळाडू म्हणून भरती करायला नावं मागितली. सरांनी मंगळूचं नाव दिलं आणि आपल्या धनराजचं दिलं. बाकी तपासण्या व्हायच्या आहेत, पण सरांचा शब्द म्हणजे झाल्यासारखंच.

तुम्ही विचाराल, समाधान का नाही? सरांचा एक नेम आहे. एका चुलीवरून एकच. एकाहत्तरला त्यांच्या तोफेवर दोन सख्खे भाऊ होते. दोघंही गेले, आणि त्यांच्या आईला सांगायला सरांनाच पाठवलं होतं. तेव्हापासून एका चुलीवर जेवणाऱ्या दोघांची नावं ते देत नाहीत. आमच्या घरातून एकच द्यायचं होतं. मी म्हटलं, भाच्याचा मान पहिला.

सरांनी ते सगळ्यांना सांगितलं आहे. बाजारात भाजीवाल्यासुद्धा बोलतात. मला कसंतरीच होतं.

समाधानचं पोट बिघडलं आहे. दोन दिवस नीट जेवला नाही, ओवा दिला.

आमच्या गल्लीतल्या सुलाबाईंचे जावई द्रासच्या लढाईत गेले. दहा तारखेला आणलं. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही.

दादांना धनराजची बातमी तुम्हीच सांगा. धनराजही लिहिणार आहे, पण त्याचं अक्षर तुम्हाला माहीत आहे.

तुमची छाया


॥ श्री सप्तशृंगी प्रसन्न ॥

देवळाली कॅम्प
९ ऑगस्ट १९९९

ती. सौ. वहिनींना नमस्कार.

दादा स्वतः कांद्याची गोणी घेऊन आले, साडीचं पुडकं दिलं आणि तुमचं पत्रही दिलं. एसटीतून गोणी घेऊन येण्याची काही गरज नव्हती. जेवायला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत. अंगणात धनराजच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. "आपल्या घराण्यात पहिला फौजी," एवढंच म्हणाले आणि टॉवेलने तोंड पुसत बसस्टँडला गेले.

तुमचं पत्र मी वाचलं. तुम्ही लिहिलं आहे, "पोटच्या पोराला मागं ठेवून तुमी माझ्या पोराला पुढं केलं. असं कोन करतं हो ताई? मी असते तर माझ्याकडून झालं नसतं." ते वाक्य हे मोठ्याने वाचत होते. मी मध्येच त्यांच्या हातातून पत्र घेतलं आणि दूध बघायला गेले.

साडी सुंदर आहे. इतकी भारी कशाला घेतलीत? श्रावणात नेसा असं लिहिलंत, पण घडी मोडवत नाही. कपाटात ठेवली आहे.

फायनल हरलो. एक विरुद्ध दोन. लिहिण्यासारखं त्यात काही नाही, पण तुम्ही विचाराल म्हणून लिहिते. लढाई संपल्याची बातमी येऊन आठवडाच झाला होता, मैदानावर झेंडे लावलेले, आधी सगळ्यांनी उभं राहून शहिदांना मान दिला. सुलाबाईही आल्या होत्या, पुढच्या खुर्चीवर. धनराजने पहिल्या भागात गोल केला. मंगळूने कोणाच्या तरी बुटाखाली अंगठा चेचून घेतला तरी पळत होता. शेवटच्या पाच मिनिटांत बरोबरी झाली आणि मग एक साधा बॉल आला, वहिनी, गुडघ्याएवढा. लहान मुलगाही धरेल असा. समाधान हात खाली सोडून उभा राहिला. बॉल त्याच्या शेजारून आत गेला.

लोक ओरडले. कोणीतरी म्हणालं, "गोलकीपर झोपला का रे?" सर ओरडले नाहीत. सामना संपल्यावर त्यांनी त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि बाजूला नेलं. मला लांबून सगळं दिसत होतं.

घरी आल्यावर मी विचारलं, असं का केलंस? तो म्हणाला, "तुझा भाचा जिंकला असता ना, जिंकू दिला नाही. लिही तुझ्या वहीत." धनराज तिथेच बूट काढत होता. त्याने मान वर केली नाही.

समाधानला वाटतं की मी त्याला मागे ठेवलं, कारण मला चार लोकांत मोठेपणा हवा होता. मी त्याला काही सांगितलं नाही.

बुधवारी ग्रहण आहे, तुम्ही पाळताच. पाण्यात तुळस टाकून ठेवा.

तुम्ही लिहिलंत की निघण्याच्या दिवशी धनराजला पहिली ओवाळणी माझ्या हातची व्हावी, तुम्ही मागून ओवाळाल. त्याचं बघू. अजून दिवस आहेत.

छाया


देवळाली कॅम्प
मंगळवार, २४ ऑगस्ट १९९९

सौ. भागूवहिनी,

हे पत्र पाकिटातून पाठवते आहे, कारण ते दुसऱ्या कोणी वाचायचं नाही. तुम्ही चौथीपर्यंत शिकलात, सावकाश वाचता, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. रोशनीकडून वाचून घेऊ नका. लेकीने आईला हे वाचून दाखवायचं नसतं. एकट्या असाल तेव्हा वाचा, आणि मग दादांना दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मोतीराम सर आमच्याकडे नाव विचारायला आलेच नव्हते.

मी तुम्हाला असं लिहिलं की एका चुलीवरून एकच द्यायचं होतं आणि मी भाच्याला मान दिला. चुलीचं खरं आहे. बाकी तसं झालं नाही. जुलैच्या बारा तारखेला सकाळी सर आले, दारातच उभे राहिले, चप्पल काढली नाही. म्हणाले, "ताई, बसत नाही. तुमच्या समाधानचं नाव दिलंय. साहेबांनी त्याला तीन सामने बघितलं. असे हात दहा वर्षांत बघितले नाहीत म्हणाले. धनराज चांगला आहे, पण तुमच्या घरातून मी एकच देणार, तो गोलकीपर. तुमच्या कानावर घालायला आलो."

म्हणजे ठरलेलं होतं. समाधानचं होतं. दहावीपासून त्याने दुसरं काही मागितलं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. धनराजने नाव सांगितलं होतं ते सगळी मुलं सांगत होती म्हणून. त्याला अजून तुमच्या मळ्याच्या विहिरीची स्वप्नं पडतात.

सर आले त्याच्या दोन दिवस आधी सुलाबाईंच्या जावयाला आणलं होतं. मी तिथे होते. त्यांची मुलगी पेटीला धरून बसली होती आणि सुलाबाई तिची बोटं एकेक करून सोडवत होत्या. एक सोडवलं की दुसरं घट्ट होत होतं. मी तिथून घरी आले, आंघोळ केली, देवापुढे बसले तर देवाचं नाव तोंडात येईना. समाधानचंच येत होतं.

तर सर दारात उभे आहेत आणि समाधानचं नाव घेतात. मला नको म्हणता आलं असतं. "सर, एकुलता एक आहे, नको," एवढं म्हटलं असतं तर ते परत गेले असते. जबरदस्ती करणारा माणूस नाही. पण समोरच्या दारात सुलाबाई पांढऱ्या कपड्यांचं बोचकं घेऊन उभ्या होत्या. त्यांचं दुःख ताजं, आणि त्यांच्यासमोर मी म्हणू, माझा नको? कॅम्पात मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. गोलकीपरची आई घाबरली, हे पोरांनी शिट्ट्या वाजवून सांगितलं असतं.

म्हणून मी म्हटलं, "नाही सर. धनराजचं घाला. भाच्याचा मान पहिला, तो पाहुणा आहे माझ्याकडे."

हे वाक्य मी कुठून आणलं ते मला माहीत नाही. इतकं सहज आलं.  सरांचे डोळे भरले, वहिनी. हात जोडून म्हणाले, "अशी आई मी पलटणीत ऐकली होती, बघितली नव्हती." सुलाबाईंनीही ऐकलं. त्यांनी बोचकं खाली ठेवलं आणि येऊन माझ्या पाया पडायला वाकल्या. मी त्यांना वाकू दिलं नाही, पण खरं काय तेही सांगितलं नाही.

नुसती भीती असती तर मी आज इतकी खाली गेले नसते. प्रत्येक आईला भीती असते. मी माझं भित्रेपण झाकायला तुमचं मूल वापरलं, आणि वर लोकांकडून पाठ थोपटून घेतली. कुरडया मोजताना धनराज माझा होता. सर म्हणाले, तुमच्या घरातून एकच, तेव्हा मोजायला तो माझा, आणि पाठवायचं म्हटल्यावर तुमचा. त्याचं घर देवळ्याला आहे, त्याची आई तिथे आहे, तिला विचारा, हे मला सांगता आलं असतं. आठवलंच नाही असं म्हणेन तर तेही खोटं होईल. आठवलं होतं.

आणि तुम्ही मला साडी पाठवलीत.

नागपंचमीला मी पुरणाची दिंडं केली होती. चिरायचं, तळायचं काही नाही, उकडून ठेवलं. समाधान घरी नव्हता, हल्ली तो बाहेरच असतो. धनराज स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून खात होता. मी म्हटलं, "पोटभर खा बाबा, तिकडे कोण करून घालणार?" तो म्हणाला, "आत्या, एक बोलू का? रागावू नको."

"बोल."

"सर आले व्हते त्या दिवशी मी मोरीत बूट घासत व्हतो. समदं ऐकलंय मी."

मी त्याच्या ताटात आणखी एक दिंड वाढलं. तो आपला खातच होता.

"लय मनावर घेऊ नको. माझी आई तुझ्या जागी असती तर तिनं समाधानचंच नाव घेतलं असतं."

मी म्हटलं, "नसतं घेतलं रे. तुझी आई तशी नाही."

"तुला काय माहीत? मला एखाद दिवस ताप आला तर ती शेजारच्या पोरांना बी अंगणात येऊ देत नाय." आणि हसला. मग म्हणाला, "मी जातो. आता नाय म्हटलो तर बापाचं तोंड बघवणार नाय. पण आईला कळू देऊ नको. तिला तुझ्या हातची ओवाळणी पाहिजे. तिला वाटतं तू लय मोठी हायस. वाटू दे."

वहिनी, एकोणीस वर्षांचा मुलगा माझी लाज राखायला निघाला आहे, आणि तीसुद्धा तुमच्यापासून. तो कळू देऊ नको म्हणाला, तरी मी लिहिते आहे. त्याचं ऐकलं असतं तर तेही मला सोयीचंच होतं.

परवा समाधानला सांगितलं. सगळं, जसं झालं तसं. मला वाटलं, त्याला निदान एवढं तरी कळेल की मी त्याला टाकलं नव्हतं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे मी समजत होतो की तुला मी नको होतो. ते बरं होतं." आणि थोड्या वेळाने, "त्या बॉलला मी हात लावला नाही. धन्याची शेवटची मॅच होती. त्याला कळलं होतं सगळं आणि तो गप्प बसला. आणि मी काय केलं?" मग तो रडला. लहानपणी रडायचा तसा नाही. भिंतीकडे तोंड करून. मला जवळ येऊ दिलं नाही. उशिरा धनराज आला, त्याच्याशेजारी जाऊन बसला. दोघं काय बोलले मला ऐकू आलं नाही. सकाळी दोघं एकाच ताटात जेवत होते.

यांनाही सांगितलं. तेव्हापासून हे स्वतःच्या हाताने चहा करून घेतात.

आज सकाळी मोतीराम सरांकडे गेले. ते मैदानावर नवीन मुलांना घेऊन होते. त्यांनाही सांगितलं. मी मान खाली घालून बोलत होते, म्हणून त्यांचा चेहरा कसा झाला ते मला दिसलं नाही. ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते. मग म्हणाले, "ताई, चूक माझी पण आहे. चूल बघितली, पोराला विचारलं नाही. आईला पण विचारलं नाही, खऱ्या आईला."

मी म्हटलं, "सर, या चुली दोन आहेत. धनराजची देवळ्याला. तिथून कोणी जायचं की नाही ते त्याची आई सांगेल. माझ्या चुलीवरचं नाव मी सांगते. समाधानचं घाला."

ते म्हणाले, "आता मी शब्द देऊ शकत नाही. साहेबांना भेटावं लागेल. होईल, न होईल. पण धनराजचं नाव पाच सप्टेंबरपर्यंत काढता येतं. त्याच्या आईवडिलांनी येऊन सांगायचं, तुम्ही नाही."

तर असं आहे. पाच तारखेला त्याला हजर व्हायचं आहे. तुम्ही आणि दादा त्याआधी या. तो हट्टाने जातो म्हणेल, त्याला खरंच जायचं आहे की तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी जातो आहे, ते तुम्हीच ओळखाल. मी ओळखू शकत नाही, आणि माझ्या ओळखण्यावर कोणी विसंबूही नये. तुम्ही नको म्हणालात तर लोक काही बोलतील. त्यांना मी स्वतः सांगेन काय झालं ते, भाजी बाजारात उभी राहून सांगेन. सुलाबाईंना उद्या सांगणार आहे.

आणि जा म्हणालात, तर ताट मी तयार करून ठेवीन. निरांजन, अक्षता, सुपारी, सगळं. ओवाळायचं तुम्ही. मी आत राहीन.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही द्याल, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि मग मी पुन्हा मोठी होऊन बसेन.

एक शेवटचं लिहिते आणि पाकीट बंद करते. सरांकडून परत येताना खंडोबाच्या टेकडीपाशी थांबले. लग्न झाल्यापासून त्या पायऱ्या कधी चुकवल्या नाहीत. आज पहिल्या पायरीवर हात टेकवला आणि वर गेले नाही. वर जाऊन काय मागितलं असतं ते मला माहीत आहे, वहिनी. समाधानचं नाव देऊन तासही झाला नव्हता, आणि मी हेच मागितलं असतं की साहेब नाही म्हणोत.

उत्तर पाठवू नका. या.

छाया